‘यू’ म्हणजे काय, हे कोणी सांगायचे?

शाळेच्या विज्ञानात ‘यू’ हे अक्षर वेगवेगळ्या रूपांत भेटते. ‘व्ही बरोबर यू अधिक एटी’ या गतीच्या समीकरणात ते वस्तूचा सुरुवातीचा वेग असते. आरसे आणि भिंगांच्या धड्यात तेच अक्षर वस्तूचे अंतर दाखवते. अकरावी-बारावीपर्यंत मोठ्या लिपीतला यू कुठे स्थितिज ऊर्जा, कुठे अंतर्गत ऊर्जा झालेला असतो आणि आवर्तसारणीच्या ९२व्या घरात तो युरेनियम म्हणून बसलेला असतो. इतकी सोंगे घेऊनही या अक्षराने विद्यार्थ्यांचा घात केल्याचे ऐकिवात नाही. मुले आकडेमोडीत चुकतात, अधिक-उण्यात चुकतात, पण सुरुवातीच्या वेगाच्या जागी युरेनियम कोणी घालत नाही. याचे श्रेय सूत्राखालच्या एका कंटाळवाण्या ओळीला आहे: ‘येथे यू म्हणजे अमुक’. एकाक्षरी संक्षेप चालतो तो अशा जाहीर करारावर, आणि तो करार लिहिणारा व वाचणारा या दोघांना ठाऊक असेल तेवढ्याच हद्दीत. अक्षर हद्द ओलांडून पुढे जाते आणि करार मागे राहतो, तिथे घोटाळा सुरू होतो. म्हणून हद्दीबाहेर जाणारे अक्षर पूर्ण शब्दात लिहिण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे, असे माझे म्हणणे आहे. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखून घ्यावे, ही अपेक्षा चुकीची. आपल्याकडे ही जबाबदारी टाळल्याची किंमत सर्वांत जड पडू शकते ती इन्सुलिनच्या चिठ्ठीवर, पण तिथे येण्याआधी हा करार जिथे नीट पाळला जातो त्या जागा पाहायला हव्यात.

रसायनशास्त्राने हे काम सर्वांत चोख केले आहे. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४च्या सुमारास मूलद्रव्यांसाठी त्यांच्या लॅटिन नावांची आद्याक्षरे सुचवली, तोवर वर्तुळे, ठिपके, रेघा अशी चित्रलिपी चालत असे. डाल्टनला ही अक्षरे मुळीच आवडली नव्हती, पण टिकली तीच. आज ज्ञात ११८ मूलद्रव्यांपैकी अवघ्या १४ जणांच्या वाट्याला एकच अक्षर आले आहे. बाकीच्यांना दोन अक्षरे लागली, कारण एका अक्षराला एकच धनी हा तिथला नियम. हा नियम कागदावरचा नाही. आर्गॉन हा वायू १९५७पर्यंत नुसता ‘ए’ होता, मग जागतिक संघटनेने ठरवून त्याला दोन अक्षरे दिली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी ती मुकाट्याने स्वीकारली. लहान लिपीतल्या यूची कथा तर आणखी बोलकी आहे. अणूंची वस्तुमाने मोजताना पूर्वी ऑक्सिजनला १६ मानत. पण भौतिकशास्त्रज्ञ फक्त ऑक्सिजन-१६ या समस्थानिकाला १६ धरत, तर रसायनशास्त्रज्ञ निसर्गात सापडणाऱ्या ऑक्सिजनच्या मिश्रणाला. दोघेही एकाच नावाचे एकक वापरत आणि दोघांच्या आकड्यांत दहा हजारांमागे सुमारे पावणेतीनचा फरक पडे. फरक क्षुल्लक वाटेल, पण ज्यांचे पोट अचूकतेवर आहे त्यांना तो सोसवेना. अखेर १९६१च्या सुमारास दोन्ही शास्त्रांनी आपापले ऑक्सिजन सोडून कार्बन-१२ हा समान पाया घेतला आणि जुन्या एककाशी गल्लत होऊ नये म्हणून नव्याला ‘यू’ हे वेगळे चिन्ह दिले. दहा हजारांत पावणेतीनच्या चुकीसाठी जगातल्या दोन शास्त्रांनी आपली सवय मोडली. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे दहापट चुकीची गोष्ट येणार आहे.

शास्त्राबाहेरही हे अक्षर ठीकठाक नांदते. चित्रपटगृहात पडद्यावर प्रमाणपत्र झळकते, त्यावरचा यू म्हणजे हा चित्रपट सर्वांना खुला, हे आपल्याला कायदा न वाचताही ठाऊक असते. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सुरुवातीला यू आणि ए एवढ्या दोनच ठळक वाटा होत्या. १९८३पासून मधली ‘यूए’ ही वाट आली: बारा वर्षांखालील मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवावा असा चित्रपट. सहा वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल यांना एकाच अक्षरजोडीने हाताळणे अडचणीचेच होते. २०२३च्या दुरुस्तीने तिचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले आणि अक्षरांशेजारी वयाचा आकडा आला. अक्षराने पालकांना पुरेसे सांगता येईना, तेव्हा कायद्याने आकडा बोलावला. कंपन्यांच्या जगातही यू आहे, पण तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचा २१ चिन्हांचा एक ओळख क्रमांक असतो आणि कायद्याने तो तिच्या लेटरहेडवर छापावा लागतो. त्यातले पहिले अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध, यू असेल तर नाही. पुढे उद्योगाचा संकेतांक, राज्याची दोन अक्षरे (आपल्यासाठी ‘एमएच’), स्थापनेचे वर्ष अशी सगळी कुंडली मांडलेली असते. आपल्या गावात ठेवी गोळा करायला आलेली एखादी कंपनी ‘शेअर बाजारात नोंदलेली’ असल्याचे सांगत असेल, तर तिच्या कागदावरचे पहिले अक्षर पाहणे हा फुकटातला पडताळा आहे. मात्र तो ज्याला उपयोगी पडावा त्यालाच हा करार कोणी सांगितलेला नाही. कंपनी सचिव आणि हिशेबनीस यांच्या हद्दीत हे अक्षर बोलते, ठेवीदाराच्या दारात मुके होते.

बाकी ठिकाणी फार रेंगाळायला नको. वास्तुविशारद काचेचा यू सांगतो तेव्हा तिच्यातून उष्णता किती आरपार जाते ते सांगत असतो, आणि तो आकडा जितका लहान तितकी काच चांगली. ग्राहकाला बहुधा उलट वाटते. संगणकांच्या सर्व्हर-खोलीत यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात भाषातज्ज्ञ अॅलन रॉस आणि लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांच्यामुळे ‘यू’ बोलणारे आणि ‘यू’ न बोलणारे अशी विभागणी गाजली. तिथे यू म्हणजे उच्चवर्गीय. (आपल्याकडे त्यासाठी अक्षर लागत नाही, ‘न’ आणि ‘ण’ ऐकून कामे होतात.) यांपैकी कुठल्याही ठिकाणी गैरसमज झाला तर फार तर वीजबिल वाढेल, कपाटात यंत्र मावणार नाही किंवा चहापानात थोडी शोभा होईल.

इन्सुलिनचे तसे नाही. इथे यू म्हणजे युनिट, आणि हे युनिट आळसातून आलेले नाही, गरजेतून आले आहे. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत मधुमेही रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, तेव्हा ते प्राण्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क होता. एका घाण्यात औषधाचा अंश जास्त, दुसऱ्यात कमी. अशा द्रवाचे वजन सांगून उपयोग नव्हता, त्याचा परिणाम किती हे सांगावे लागे. म्हणून सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावरून युनिट ठरले. आज शुद्ध मानवी इन्सुलिनचे एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम हे नेमके माहीत असूनही जग युनिटमध्येच मोजते, कारण शंभर वर्षांचे उपचार, संशोधन आणि सवयी याच मापावर उभ्या आहेत. तेव्हा युनिट हे माप राहणार, वाद त्याच्या आखूड रूपाचा आहे. इंग्रजी यू हे वरून उघडे अक्षर. घाईत लिहिताना त्याची दोन टोके जवळ आली की वाटीवर झाकण पडावे तसे त्याचे शून्य होते. चार युनिटांसाठी चाराच्या पाठीला चिकटून यू लिहिला की ते चाळीस वाचले जाते. एक टोक लांबले तर यूचा इंग्रजी चार होतो आणि चार युनिटांचे चव्वेचाळीस होतात. लहान लिपीत लिहिला तर तोच यू ‘सीसी’सारखा दिसतो. आपल्याकडच्या साध्या बाटलीतले चार सीसी इन्सुलिन म्हणजे १६० युनिट. जास्त गेलेले इन्सुलिन काय करते हे मधुमेह असलेल्या घरात सांगावे लागत नाही: दरदरून घाम, थरथर, भ्रम, बेशुद्धी, आणि वेळेत साखर मिळाली नाही तर मृत्यू.

हा कल्पनेचा खेळ असता तर रुग्णालयांच्या नियमांत त्याला जागा मिळाली नसती. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४मध्ये ‘हे वापरू नका’ अशी संक्षेपांची छोटी यादी काढली. तिच्यात अग्रस्थानी यू आहे. सूचना साधी: ‘युनिट’ असे पूर्ण लिहा. त्याच यादीत ‘आययू’ म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिट हेही आहे, कारण ते कधी शिरेतून द्यायच्या ‘आयव्ही’सारखे तर कधी दहाच्या आकड्यासारखे दिसते. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने जून २०१०मध्ये इन्सुलिनबद्दल तातडीचा इशारा दिला. सहा वर्षांत तिच्याकडे इन्सुलिनच्या चुकीच्या मात्रेच्या साडेतीन हजारांहून अधिक नोंदी जमल्या होत्या. त्यांची कारणे नाना प्रकारची होती, पण युनिटचा संक्षेप केल्याने दहापट मात्रा गेली आणि त्यात एक रुग्ण दगावला, एकाला गंभीर इजा झाली, असे तिने स्पष्ट म्हटले. त्यानंतर तिथे यू किंवा आययू कोणत्याही कारणाने लिहायचे नाही, असा दंडक झाला. एका मृत्यूसाठी एवढा खटाटोप का, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की या मृत्यूवरचा उपाय तीन-चार अक्षरांचा होता. इतका स्वस्त उपाय वैद्यकात क्वचित मिळतो.

आपल्याकडे या यूला आणखी एक पदर आहे. पाश्चात्त्य देशांपैकी बहुतेकांनी इन्सुलिनची तीव्रता कधीच एकसारखी केली. ब्रिटनने १९८३मध्ये एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट हे एकच प्रमाण ठेवून बाकीची बंद केली. भारतात मात्र बाटलीतले इन्सुलिन आजही मोठ्या प्रमाणावर मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनच्या काडतुसातले १००चे. त्यामुळे सिरिंजही दोन: लाल टोपीची ‘यू-४०’ आणि केशरी टोपीची ‘यू-१००’. केमिस्टच्या काउंटरवर लोक ‘चाळीसची द्या’, ‘शंभरची द्या’ असे मागतात. आता रुग्णासमोर काय काय आहे ते पाहा. सिरिंजवर ‘यू-४०’. बाटलीवर ‘४० आययू’ आणि पुढे तिरकी रेघ मारून मिली. चिठ्ठीवर समजा ‘४० यू’. तीन वस्तू, तिन्हींवर तोच आकडा आणि तेच अक्षर. पहिल्या दोन ठिकाणी ते द्रवाची तीव्रता सांगते, तिसऱ्या ठिकाणी मात्रा. फरक एवढाच की सिरिंजवर अक्षर आकड्याच्या आधी आहे आणि बाटलीवर पुढे मिली आहे. चूक झाली तर हिशेब असा: ४०ची बाटली आणि हाती शंभरची सिरिंज, त्यात चाळीसच्या खुणेपर्यंत औषध ओढले तर ते ०.४ मिलिलिटर भरते आणि शरीरात जातात फक्त १६ युनिट. साखर चढलेलीच राहते, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि पुढच्या महिन्यात केमिस्टने बरोबर सिरिंज दिली की वाढवलेली मात्रा पूर्णच्या पूर्ण अंगात जाते. उलट १००चे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरले तर वीसऐवजी पन्नास युनिट जातात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतले सगळे इन्सुलिन घेत नाहीत, पण जे घेतात त्यांतले कित्येक जण ते घरी, स्वतः किंवा सुनेच्या-नातवाच्या हातून घेतात. रुग्णालयात निदान एका सिस्टरने भरलेली सिरिंज दुसरी तपासते. घरात तपासणारे कोण?

युनिटच्या जोडीला मायक्रोचा घोळ आहे. ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागासाठी ग्रीक ‘म्यू’ वापरतात. तो टंकलेखन यंत्रावर नव्हता, कीबोर्डवरही सहजी सापडत नाही, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा यू टंकला जातो. हाताने लिहिताना त्याचा एम वाचला गेला की मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, चूक सरळ हजारपट. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या असंख्य बायकांच्या बाटलीवर २५, ५०, १०० हे आकडे मायक्रोग्रॅममध्येच असतात. गोळी तयार मिळते म्हणून तिथे निभावते, पण मात्रा मोजून द्यायच्या औषधात निभावणार नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: संदर्भावरून कळतेच की. इन्सुलिनच्या चिठ्ठीवर यू दिसला तर तो युरेनियम आहे असे कोणाला वाटेल? खरे आहे, अर्थाच्या बाबतीत संदर्भ पुरतो. पण इथे चूक अर्थाची नाही. यू म्हणजे युनिट की आणखी काही, असा प्रश्न सिस्टरला पडतच नाही. तिला अक्षरच दिसत नाही, शून्य दिसते. आणि संदर्भ त्या शून्याला साक्षही देतो, कारण काही रुग्णांना चार युनिट लागतात तसे काहींना चाळीसही लागतात. दोन्ही आकडे शक्यतेतले असले की संदर्भ गप्प बसतो. चारशे लिहिलेले असते तर तिने फोन उचलला असता. शिवाय संदर्भ हा जाणत्याकडे असतो. मधुमेहतज्ज्ञाची चिठ्ठी त्याच्या हातून सुटली की ती शिकाऊ डॉक्टर, रात्रपाळीची सिस्टर, केमिस्टकडचा पोऱ्या, रुग्णाचा मुलगा अशा उतरत्या जाणकारीने प्रवास करते. शेवटचा वाचक सर्वांत कमी जाणतो आणि सुई त्याच्याच हातात असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. सरकारी ओपीडीत एका सकाळी एका डॉक्टरसमोर किती रांग असते हे ज्याने पाहिले आहे तो त्याला शुद्धलेखनाचे धडे देणार नाही. पण इन्सुलिनच्या चिठ्ठीवर ‘युनिट’ हा शब्द दोन-तीनदा येतो, त्याला लागणारे सेकंद हा रांग लांबण्याचे कारण म्हणून पुढे करणे पटत नाही. वेळ जिथे खरोखर नाही तिथे शब्द लिहायलाच लागू नये अशी सोय करता येते. याच आक्षेपाचे दुसरे रूप म्हणजे हे सारे हस्ताक्षराचे दुखणे आहे, चिठ्ठ्या संगणकावर गेल्या की संपेल. काही अंशी संपेल. मात्र संगणकावरही आकडा आणि अक्षर यांत जागा सोडली नाही तर ते चिकटतात, आययूमधला आय एकासारखा दिसतो, आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांनी पाठवलेली मात्रा घरी कोणीतरी कॅलेंडरच्या पाठीवर हातानेच उतरवून घेते. शिवाय चाळीस-शंभरच्या सिरिंजचा गोंधळ तर छापील अक्षरांचाच आहे. आपल्या तत्कालीन वैद्यक परिषदेने २०१६मध्ये नियम केला की औषधे जेनेरिक नावाने, वाचता येईल अशी आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत. चांगला नियम. पण त्याचा रोख औषधाच्या नावावर आहे, मात्रेच्या एककावर नाही. आणि मोठ्या लिपीतला यू तर शून्याच्या जास्तच जवळचा.

तिसरा आक्षेप अधिक बुद्धीचा आहे. पूर्ण शब्द तरी कुठे एकार्थी आहे? महावितरणच्या बिलावरचे युनिट म्हणजे किलोवॅट-तास. रक्तपेढीतले युनिट म्हणजे ३५० किंवा ४५० मिलिलिटरची पिशवी. म्युच्युअल फंडाचे युनिट वेगळेच. औषधांतही संधिवाती तापाच्या मुलांना दिले जाणारे पेनिसिलिन १२ लाख युनिटचे आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी ६० हजार युनिटची असते, आणि या युनिटांचा इन्सुलिनच्या युनिटाशी काडीचा संबंध नाही. मग शब्द लिहून काय साधले? साधले ते हे की शब्दाचा आकडा होत नाही. ‘युनिट’चे शून्य कोणी वाचणार नाही. शब्द अनोळखी वाटला तर वाचणारा थांबून विचारतो, अक्षर मात्र दुसऱ्याच ओळखीच्या चिन्हाचा वेश घेऊन पुढे सरकते आणि विचारायची वेळच येऊ देत नाही. न कळण्यापेक्षा चुकीचे कळणे जास्त धोक्याचे.

मराठीतून लिहा, म्हणजे ही इंग्रजी अक्षरांची पीडा टळेल, असेही काहींना वाटेल. आपले संक्षेप काही वेगळ्या मातीचे नाहीत. ‘ता.’ म्हणजे तारीख की तालुका, हे पुढचा शब्द आल्याशिवाय कळत नाही. ‘कि.’ म्हणजे किलो की किलोमीटर, हेही तसेच. फायदा एवढाच की देवनागरी संक्षेपाला मात्रा-वेलांटी असते, मागे टिंब असते, त्यामुळे तो सहसा आकड्यात मिसळत नाही. देवनागरीत ‘४ यु.’ लिहिले तर त्याचे चाळीस होणे कठीण. म्हणून रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर मराठी हवी हे बरोबर, पण ती पूर्ण शब्दांची हवी. ज्यांना वाचताच येत नाही त्यांचे काय, असे कोणी विचारले तर त्यांना यूही वाचता येत नव्हता हे आधी कबूल करू. ते टोपीच्या रंगावर आणि कानावर पडलेल्या शब्दावर चालतात, आणि ‘लाल टोपी, चार युनिट’ हे तोंडी सांगणाऱ्यालाही समोर पूर्ण शब्द असेल तर सांगणे सोपे जाते.

नुसत्या बंदीने सवय सुटत नाही, हा आक्षेप सर्वांत दमदार आहे. अमेरिकेत यादी येऊन दोन दशके उलटली तरी यू लिहिणारे हात थांबलेले नाहीत. वीस वर्षे एक खूण केलेले बोट परिपत्रकाने वळत नाही. यावर ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांनी साधी युक्ती केली: इन्सुलिनच्या तक्त्यावर ‘युनिट्स’ हा शब्द आधीच छापून ठेवला. डॉक्टरने फक्त आकडा भरायचा, अक्षर लिहिण्याचा मोहच उरत नाही. हे आपल्याकडे करायला कायदा बदलावा लागत नाही. महापालिकेची रुग्णालये, जिल्हा रुग्णालये आणि खासगी दवाखाने केसपेपर व डिस्चार्ज कार्ड छापूनच घेतात. त्यात इन्सुलिनसाठी एक ओळ वाढवायची: सकाळी किती युनिट, रात्री किती युनिट, बाटली ४०ची की १००ची, टोपी लाल की केशरी. कंपन्यांनी खोक्यावर आणि सिरिंजच्या वेष्टनावर ‘यू-४०’च्या खाली ‘एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट’ असे मराठी-हिंदीत छापायला किती खर्च येईल, याचा हिशेब त्यांनी मांडावा. बाटली आणि पेन यांची तीव्रता एक करण्याचा मोठा निर्णय औषध नियंत्रकांचा आहे. त्यात जुना साठा, दोन प्रकारच्या सिरिंजचे उत्पादन आणि संक्रमणकाळातल्या नव्या चुका असे खरे अडथळे आहेत, आणि तो घाईने घेऊ नये हेही मान्य. छपाईची ओळ मात्र पुढच्या खेपेच्या केसपेपरपासून सुरू करता येते, आणि तिच्यासाठी औषध नियंत्रकांच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.